ओलं मैदान

—हो, ‘उद्या टेस्ट नको’ हा मेसेज मीच टाकला होता, अंबरीश सर. शुद्धलेखन बघू नका, आठवीतच शाळा सुटली माझी, साधंच लिहिता येतं. बोलायलाही जमत नाही, तुम्हाला माहीतच आहे — गवत कापायचं, चुन्याचे पट्टे मारायचे, पळण्याची वेळ मोजणाऱ्या तुमच्या टायमिंग मशीनचे खांब उभे करायचे, एवढंच माझं काम. पण आज कुणाला पळवू नका. मैदान? भिजलंय, दिसतंय ना. सांगतो.

या हेल्मेटवाल्या अमेरिकन फुटबॉलमधलं तुम्हीच मला शिकवलंत — लाइनमधला धडक देणारा आडदांड गडी असेल, तर त्याचे पहिले दहा यार्ड बघायचे. लांब पळत जाऊन बॉल झेलणारा रिसीव्हर असेल, तर अख्खे चाळीस. आपला केयूर लाइनमधला. पहिल्या दहात त्याला कोण गाठतंय? बैलासारखा सुटतो! पण तुम्ही म्हणालात, लाइन भरली, दुबईच्या स्पर्धेला यायचं तर रिसीव्हरची जागा उरलीय, वजन उतरव आणि चाळीस पळून दाखव. गमतीत म्हणालात? असेल. सगळे हसले — “जाड्या, विमानात बसणार की स्वतःच उडणार?” तोही हसला. आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे स्टोअरची चावी मागायला आला. रुसैलच्या गोदामात पाळी करून यायचा, अंगाला कचऱ्याच्या काळ्या पिशव्या गुंडाळायचा आणि भर दुपारी स्टोअरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जागच्या जागी पळायचा. पाण्याचा थेंब नाही. मी चावी का दिली? “निशांतभाऊ, तू एकटाच हसला नाहीस” म्हणाला — मग कसं नाही म्हणणार?

काल दार ढकललं, तर भिंतीला टेकून बसलेला. पिशव्या फाडल्या — आत अंग कोरडं, सर. एवढं पळून घाम नाही! तव्यासारखं तापलेलं. म्हटलं, केयूर, पाणी घे. तर माझ्याकडे बघून म्हणतो, “तुम्ही कोण?” — मला! गावचा माणूस मी त्याचा, गुहागरचा. ओला टॉवेल ठेवला डोक्यावर, मग कुठे भानावर आला. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर हात झटकला — “सरांना कळलं तर उभा करणार नाहीत. उद्या पळालो की खलास, मग बिर्याणी खाऊ.” तुम्हाला फोन लावला, तुम्ही सोहारहून गाडी चालवत होतात, उद्या बोलू म्हणालात. मेसेजला नुसता अंगठा पाठवलात.

मग आज सकाळी गवताच्या पाण्याचा टँकर आला, तसा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. अख्खा टँकर त्या पट्ट्यांवर सोडला. अर्बाब, इथला मालक, व्हिसा रद्द करून गावी पाठवेल मला — पाठवू दे. म्हटलं, चिखलात कोण टेस्ट घेणार? आणि टेस्ट नाही, तर केयूर पळणार नाही.

काय? खांब? खांब स्टोअरमध्येच — नाहीत? पण चावी… चावी काल त्याच्याकडेच राहिली. थांबा. ते पार्किंगमध्ये कोण आहे? सर, डांबरावर खांब मांडलेत! तुम्ही सांगितलंत? मैदान ओलं असेल तर तिकडे मांड, असं तुम्ही त्याला सांगितलंत? अहो, शिट्टी तुमच्या गळ्यात आहे, वाजवा ना, थांबवा त्याला. वाजवा! — सुटला. पहिले दहा बघा कसा गेला… सर, तो वाकडा का जातोय? केयूर! केयूर!

बाटली द्या ती इकडे. बाजूला व्हा, सर.