राखणीचा दावा

वैशाख वद्य तृतीया, मंगळवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. आमच्या देवराईची मोजणी त्या वेळेला सुरू झाली. घड्याळ मीच पाहिलं, कारण वनहक्क समितीचा अध्यक्ष मी आणि पंचनाम्यात वेळ घालावी लागते. पण तुम्ही म्हणता आधीचं सांगा, तर आधीचं सांगतो.

आम्ही गवळी धनगर. अलीकडे साताऱ्यातलं कोयनेचं खोरं, पलीकडे सांगलीतलं चांदोलीचं रान, आणि मधल्या माथ्यावर आमची अकरा घरं. आमच्याकडे मेंढरं नाहीत, म्हशी आहेत. माझे वडील लोण्याचं मडकं डोक्यावर घेऊन पाटणच्या बाजाराला उतरत आणि मीठ-मिरची घेऊन तीच चढण चढत, जन्मभर. मी सातवीपर्यंत शिकलो, तेही खालच्या गावात दुसऱ्याच्या गोठ्यात राहून, मग फौजेत गेलो. बिनतारी संदेशाचं काम. निरोप थोड्या शब्दांत द्यायचा आणि चुकायचा नाही, ही सवय तिथली. सुटून आल्यावर माणसं कराडला घर बांधतात. मी म्हशी घेतल्या. का, ते विचारू नका. परत यायचं होतं, आलो.

आता राई. काय सांगू तुम्हाला, भर दुपारी आत गेलात तरी ऊन जमिनीवर पडत नाही, जांभूळ, हिरडा, अंजनी, आणि माणसाच्या मांडीएवढी जाड गारंबीची वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेली, तिच्यावरून शेकरू पळतं, आणि मधोमध वाघजाईचा तांदळा, म्हणजे नुसता शेंदूर लावलेला दगड, त्याला ना देऊळ ना छप्पर. त्या दगडाच्या खाली झरा. चैत्रात सगळे ओढे आटतात, हा आटत नाही. आमच्या म्हशी त्याच्यावर जगतात आणि खालची दोन गावंही. राईत कुऱ्हाड जात नाही. पडलेलं झाड तिथंच कुजतं, चुलीसाठी वाळकी काटकीसुद्धा कोणी आणत नाही. आणि पायताण जात नाही. एकदा सुटीवर आलो आणि बुटांसकट आत शिरलो, तर आईनं सर्वांसमोर सांगितलं, सरकारचं बूट सरकारच्या रस्त्यावर, हितं न्हाई.

वनहक्काचा कायदा कळला तेव्हा वस्तीनं अर्ज लिहायचं काम माझ्याकडे दिलं. मी लिहिलं. चराईचं रान लिहिलं, हिरड्याची झाडं लिहिली, मधाचे कडे लिहिले, पाणंदी लिहिल्या. राई लिहिली आणि खोडली. राई देवीची. तिच्यावर आपला दावा कसा सांगायचा? सभेत वाचून दाखवलं, एकाही माणसानं हरकत घेतली नाही. आमच्यातलं कोणीही असतं तरी ती ओळ खोडलीच असती.

पुढच्या वर्षी दोन गाड्या आल्या. त्यांतून उतरलेले लोक राईच्या कडेच्या झाडांना लाल फिती बांधायला लागले. मी विचारलं, हे कशाला? त्यांच्यातला एक अदबीनं म्हणाला, बाबा, वर बंगले होणार आहेत, रस्ता इथून, पाणी या झऱ्याचं. मी म्हटलं, ग्रामसभेला विचारलंत? तो म्हणाला, दाव्यातल्या रानासाठी विचारावं लागतं, हा तुकडा तर कुणाच्याच दाव्यात नाही. नकाशा दाखवला. खरं होतं.

घरी आलो, आमच्या अर्जाची नक्कल काढली, नात सुमनला वाचायला दिली. ती पाटणच्या कॉलेजात शिकते. तिनं दोनदा वाचलं. म्हणाली, आबा, ह्यात राई कुठं हाय? मी म्हटलं, राई देवीची आहे, आपण मागणारे कोण? ती म्हणाली, व्हय, देवीची हाय, पर देवीनं अर्ज केलाय का?

मी त्या दिवशी जेवलो नाही. एवढंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी वस्ती बोलावली. उभा राहिलो, चूक माझी आहे म्हणून सांगितलं आणि बसायला लागलो, तर माझी वहिनी कोंडाबाई म्हणाली, भावजी, फौजेत चुकल्यावर काय करत्यात? मी म्हटलं, शिक्षा. ती म्हणाली, मंग हुबं ऱ्हावा की, बसताय कशाला? लोक हसले. मी सभा संपेपर्यंत उभा राहिलो.

पण प्रश्न सुटला नव्हता. म्हातारी माणसं म्हणाली, देवीचं रान आपल्या नावावर घ्यायचं, लय पाप. सुमननं समजावलं, मालकी मागायची न्हाई, राखण मागायची, कायद्यात राखणीचाबी हक्क हाय. तरी कोणी हलेना. मग कौल लावला. तांदळ्यावर दोन्ही अंगाला ओल्या तांदळाचे दाणे चिकटवायचे, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. दोन तास बसलो. एकही दाणा पडला नाही. पुजारी घाबरला. तेव्हा कोंडाबाई म्हणाली, आवं, आई गप बसली म्हंजी पोरांनी काय समजायचं? काम तुमचं हाय, तुमीच बगा. पुरवणी दावा त्याच आठवड्यात गेला.

म्हणून ती मोजणी. मोजणीचे साहेब आले आणि पहिलाच प्रश्न, हद्दीचे दगड कुठे आहेत? नाहीत. कुंपण? नाही. मग हद्द कुणाला ठाऊक? मी म्हटलं, सगळ्यांना. साहेबांना ते पटलं नाही. पटणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून आदल्या दिवशी वस्तीला आणि खालच्या दोन्ही गावांना सांगून ठेवलं होतं की उद्या प्रत्येकानं आपापल्या रोजच्या वाटेनं राईला यायचं, कोणी पाण्याच्या, कोणी चराईच्या, कोणी खालच्या गावच्या, आणि पाय जिथं आपोआप थांबेल तिथं पायताण काढून आत जायचं, एकमेकांना विचारायचं नाही.

साहेब यंत्र घेऊन राईभोवती फिरले. प्रत्येक वाटेवर चपला होत्या. कुठं तीन जोड, कुठं पाच, आणि सगळे एका ओळीत. एका ठिकाणी कोंडाबाईच्या वहाणा आणि खालच्या गावच्या एका म्हाताऱ्याचं पायताण, मध्ये वीतभर अंतर. एका रेड्यावरून ते दोघं कित्येक वर्षं बोलत नाहीत, आले दोन वाटांनी, थांबले एका जागी. साहेबांनी तिथं यंत्र टेकवलं, आकडे लिहून घेतले. मग खाली बसून स्वतःचे बूट काढले. कोंडाबाई आतून म्हणाली, सायेब, पायातलं मोजंबी काडा.

आत झऱ्यापाशी पंचनामा झाला. खालच्या दोन गावांच्या म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, अंगठे घेतले. साहेबांबरोबर आलेल्या वनरक्षकानं झाडांच्या लाल फिती मोजून सोडल्या आणि तसं कागदावर लिहिलं. साहेब जाताना म्हणाले, निर्णय वरची समिती करील, मी फक्त पाहिलं ते लिहिलं आहे. मी म्हटलं, तेवढंच पाहिजे होतं. निर्णय लागायला वेळ लागेल. आमच्या बाजूनं लागेल, असं मला वाटतं. माझ्या हयातीत लागावा असा हट्ट नाही. सुमनला अर्ज लिहिता येतो. वाघजाई सगळ्यांना पाणी देवो.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता ओढ्यापलीकडच्या वस्तीचा माणूस आला. दारात उभा राहून म्हणाला, आवं तात्या, आमीबी आमची राई सोडलीया की दाव्यातनं. मी म्हटलं, खोडली कोणी? खाली मान घालून म्हणाला, म्याच. मी त्याला बसवलं, चहा दिला, आणि आमच्या पुरवणी दाव्याची हातानं नक्कल करायला घेतली. गावाचं नाव बदललं, देवीचं नाव त्याला विचारून घातलं. हद्दीचा रकाना कोरा ठेवला. चपलांचं काय करायचं ते त्याला सांगितलं, दोनदा, आणि कागद त्याच्या हातात दिला.