डॉ. वोरांचे धरलेले वय

नाव : निकुंज हरिवदन धोळकिया. वय : ४१ वर्षे. धंदा : डॉक्टरांच्या पैशाचे नियोजन करून देणे. राहणार : कृष्णनगर, भावनगर.

आज दि. २८ मार्च २०२३ रोजी सकाळी साडेअकरा वाजता पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून मी स्वतः हजर आहे. मला जे माहीत आहे ते विचारल्यावरून सांगतो, ते असे :

मी वरील पत्त्यावर पत्नी व एका मुलीसह राहतो. गेली पंधरा वर्षे मी फक्त डॉक्टरांचे काम घेतो. डॉक्टर उशिरा कमवायला लागतात, मग भराभर कमावतात आणि स्वतःच्या पैशाकडे बघायला त्यांना वेळ नसतो, म्हणून हा धंदा चालतो. विमा, मुलांचे शिक्षण, म्हातारपण, नवीन दवाखान्याचे भांडवल असा सगळा तक्ता मी कॉम्प्युटरवर करून देतो. माझ्याकडे शहरातील बासष्ट डॉक्टर आहेत. त्यांपैकी डॉ. मलय वोरा, वय ४४, हे एक्स-रे व सोनोग्राफीचे डॉक्टर असून त्यांच्या पत्नी डॉ. शेफाली या रक्त तपासणीची लॅब चालवतात. दोघे सात वर्षांपासून माझ्याकडे आहेत.

मयत डॉ. इंदुकुमार वोरा, वय ७४, हे मलयभाईंचे वडील. त्यांनी खारगेटजवळ त्रेचाळीस वर्षे दवाखाना चालवला. हृदयाच्या त्रासामुळे दोन वर्षांपूर्वी तो विकून ते घरी बसले. त्यांच्या पत्नी विनोदिनीबेन, वय ७१, या निवृत्त शिक्षिका आहेत. या प्रकरणाचा अर्ज ठाण्यात त्यांनीच दिला आहे. सर्वजण वाघावाडी रोडवरील बंगल्यात एकत्र राहत होते.

दवाखान्याचे पैसे आणि आयुष्यभराची शिल्लक मुलाच्या नियोजनात एकत्र धरा, असे मयताने मला आधीच सांगितले होते. त्यातून त्यांचा स्वतःचा हयातभराचा खर्च, म्हणजे औषधे, दवाखाना, पुढे माणूस ठेवावा लागला तर तो, हे बाजूला काढायचे आणि उरेल ते मलयभाईंच्या नवीन तपासणी केंद्राला द्यायचे, असे ठरले होते. विनोदिनीबेनना पेन्शन आहे, त्यामुळे त्यांचा खर्च यात नव्हता.

दि. ८ जानेवारी, रविवारी सकाळी दहा वाजता मी तक्ता घेऊन बंगल्यावर गेलो. मलयभाई, शेफालीबेन आणि मयत दिवाणखान्यात होते. विनोदिनीबेन आतून चहा-गाठिया आणत होत्या. मी मयताचे आयुष्य नव्वद वर्षे धरले होते. मी सर्वांचे नव्वदच धरतो. नव्वद धरल्यावर नवीन केंद्राचे एमआरआय मशीन उरलेल्या पैशात बसत नव्हते.

मलयभाई म्हणाले, "निकुंजभाई, हे नव्वद कुठून काढलंत? पप्पांचं हृदय पंचवीस टक्के चालतं."

मी सांगितले, की पैसा आधी संपला आणि माणूस राहिला तर पंचाईत होते, म्हणून जास्त धरायचे. शेफालीबेननी ऐंशी धरून बघायला सांगितले. मी धरले. तरी बसेना. मग ते दोघे आपसात बोलू लागले. दुसरा झटका कधी येऊ शकतो, मूत्रपिंडे किती दिवस साथ देतील, अशा रोग्यांतले पाच वर्षांनी किती उरतात, असे ते बोलणे होते. आवाज चढलेला नव्हता. दवाखान्यात रोग्याविषयी बोलतात तसेच बोलत होते. मयत समोरच्या खुर्चीत बसून ऐकत होते. मध्येच ते म्हणाले, "पंचवीस नाही रे, बावीस. डिसेंबरचा रिपोर्ट बघ."

मलयभाईंनी मोबाईलवर रिपोर्ट बघितला आणि बावीसच असल्याचे सांगितले. त्यावर मयत मला म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर धरा. माझ्या पेशंटला मी याहून जास्त सांगितलं नसतं."

विनोदिनीबेन चहा घेऊन आल्या. अठ्ठ्याहत्तर काय, असे त्यांनी विचारले. मलयभाई म्हणाले, "काही नाही मम्मी, कागदावरचं वय आहे." मी अठ्ठ्याहत्तर धरले. मशीन बसले, पण थोडे कर्ज काढावे लागत होते. शेफालीबेनना कर्ज नको होते. त्यांनी सासऱ्यांना दुसरा गाठिया वाढला. त्यावेळी कोणी कोणावर रागावलेले नव्हते.

दि. २४ जानेवारी, मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास मयत एकटे रिक्षाने माझ्या ऑफिसला आले. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे व लिफ्ट नाही. वर आल्यावर सुमारे दहा मिनिटे ते बोलू शकले नाहीत. मी पाणी दिले. मग त्यांनी शहात्तर धरले तर कर्ज जाते का, असे विचारले. मी त्यांच्यासमोर आकडा बदलला. कर्ज पूर्ण गेले नाही, किरकोळ उरले. त्यांनी स्क्रीन स्वतःकडे वळवून ओळी वाचल्या आणि औषधांच्या ओळीवर बोट ठेवले.

ते म्हणाले, "ही काढा. गोळ्या मी बंद केल्यात."

केव्हापासून, असे मी विचारले. पंधरा दिवस झाले, असे ते म्हणाले. मलयभाईंना माहीत आहे का, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, "तो डॉक्टर आहे. त्याला सांगावं लागत असेल, तर न सांगितलेलंच बरं. आणि तुम्ही माझेही सल्लागार आहात, निकुंजभाई. माझी गोष्ट माझ्याजवळ ठेवा."

मी ती ओळ काढली. तळाचा आकडा लाल होता तो हिरवा झाला. मयताने दोन्ही हात जोडून माझे आभार मानले. मी त्यांना जिन्याने खाली सोडायला गेलो नाही, कारण दुसरे डॉक्टर बाहेर थांबले होते.

मी ही गोष्ट त्यांच्या घरी का कळवली नाही, असे मला विचारण्यात आले. ग्राहकाची खासगी माहिती बाहेर द्यायची नाही, असा माझ्या कामाचा नियम आहे. हे मी त्या दिवशी स्वतःला सांगितले होते. त्यानंतरही रोज सांगत होतो.

दि. १९ फेब्रुवारी, रविवारी सकाळी सह्यांसाठी मी पुन्हा बंगल्यावर गेलो. औषधांची ओळ कुठे गेली, असे कोणी विचारले नाही. तक्ता मलयभाई व शेफालीबेन दोघांनी वाचला होता. मयताचे पाय सुजलेले होते, चपला पायांत जात नसल्याने ते अनवाणी बसले होते. दोन वाक्यांच्या मध्ये त्यांना थांबावे लागत होते. विनोदिनीबेन म्हणाल्या, "मलय, पाय तरी बघ रे यांचे. रात्री उशाला तीन उशा लागतात."

मलयभाईंनी खाली वाकून वडिलांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलल्यावर तिथे खड्डा पडला. तो भरून आला नाही. मी समोरच बसलो होतो, मला तो स्पष्ट दिसत होता. मलयभाईंनीही तो पाहिला. त्यांनी हातरुमालाने अंगठा पुसला आणि म्हणाले, "मीठ कमी करा, पप्पा. गाठिया बंद."

मयत म्हणाले, "हो, डॉक्टर."

शेफालीबेन म्हणाल्या, "आपलं सेंटर झालं की पहिली तपासणी पप्पांचीच करू." त्यानंतर मी कागद पुढे केले आणि त्या तिघांनी सह्या केल्या. त्या खोलीत विनोदिनीबेन आणि मी सोडून सगळे डॉक्टर होते. मला यातले काही कळत नाही, असे मी म्हणू शकलो असतो. पण मला कळत होते.

दि. ९ मार्च रोजी सकाळी साडेसहाला मयत गेल्याचा निरोप आला. मी स्मशानात हजर होतो. मलयभाई खूप रडले. ते रडणे खोटे होते असे मी म्हणणार नाही.

दि. १४ मार्च रोजी दुपारी मलयभाईंनी फोन करून तक्ता नव्याने करायला सांगितला. मयताच्या खर्चाची पुढची रक्कम मोकळी झाली होती, त्यामुळे ठरले होते त्याहून मोठे मशीन घेता येईल का, असे त्यांनी विचारले. मी संध्याकाळपर्यंत तक्ता करून पाठवला. मोठे मशीन बसत होते. माझी फी त्याच दिवशी जमा झाली.

काल दि. २७ मार्च रोजी दुपारी तीन वाजता विनोदिनीबेन माझ्या ऑफिसला आल्या. त्यांच्या हातात मयताची दवाखान्याची जुनी बॅग होती. तिच्यात रक्तदाबाच्या यंत्राखाली गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या निघाल्या होत्या. त्यांनी त्या माझ्या टेबलावर मांडल्या. हे तुम्हाला माहीत होते का, असे त्यांनी विचारले. मी होय म्हणालो. त्यांनी नियोजनाचे कागद मागितले. मयत हयात असतानाचे तिन्ही तक्ते मी छापून दिले. मास्तरीण असल्याने त्यांनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. नव्वद, अठ्ठ्याहत्तर आणि शहात्तर या तीन आकड्यांभोवती त्यांनी लाल पेनने गोल केले.

मग त्यांनी पोलीस ठाण्याचा रस्ता विचारला. मी त्यांना माझ्या गाडीतून येथे आणले. वाटेत बॅग त्यांच्या मांडीवर होती. वळणावर गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारले, "तुमचे वडील आहेत?"

आहेत, मोरबीला असतात, असे मी सांगितले.

"त्यांचं किती धरलंय?"

मी त्यांना आकडा सांगितला. तो आकडा नव्वद नाही. या प्रकरणाशी त्याचा संबंध नसल्याने तो लिहून घेण्याची गरज नाही, असे साहेबांनी सांगितले.

माझा जबाब जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे. त्यातले काही कमी करायचे आहे का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो व खाली सही केली.

(सही)
निकुंज ह. धोळकिया

समक्ष : ठाणे अंमलदार