तिळाएवढा कोळी

पोस्टात पार्सलच्या रांगेत एका घड्याळजीच्या पुढे एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते. शेवटचं एकदा तपासावं म्हणून मुलीने खोकं उघडलं आणि स्पिरिटमध्ये कोळी बुडवून ठेवलेली अंगठ्याएवढी बाटली उजेडात धरली.

"बाबा, आतली चिठ्ठी कोरी कशी? आणि स्पिरिट निळं?"

"कोरी? कालच तर लिहिली मी."

"तुम्ही लिहिली?"

"तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. सगळ्या तेवीस बाटल्यांच्या नव्याने लिहिल्या. शाईने, वळणदार."

"अहो, स्पिरिटमध्ये शाई विरघळते! म्हणून तर मी पेन्सिलीने लिहिते!"

"ओरडू नकोस, लोक बघतायत."

"माझ्या चिठ्ठ्या कुठायत?"

"टाकल्या. कचरा सकाळीच गेला."

"तीन वर्षं पाचोळा चाळत फिरले, बाबा. तिळाएवढा कोळी, आजवर कुणी नोंदवलेला नाही. आणि त्याचा हा एकच नर."

"मग आहे की तो! पाय मोज, रंग लिही, झालं."

"कुठल्या जागी सापडला ते सांगितल्याशिवाय नवी जात कुणी मानत नाही. तेवीस बाटल्या, तेवीस जागा."

"वहीत लिहिलं असशील."

"वहीत नंबराने लिहिलंय. नंबर चिठ्ठीवर होता."

वडिलांनी तिच्या हातातली बाटली घेऊन कोरी चिठ्ठी उजेडात उलटसुलट पाहिली.

"आता बोला."

"बरं बाई, चुकलो. दुसरा नर शोधू. मीही येतो, उद्याच निघू."

"कुठे, बाबा?"

रांग केव्हाच पुढे सरकली होती. घड्याळजी काही 'पुढे व्हा' म्हणाला नाही.