चार जोडी डोळे आणि एक घास

“चिमणी आणली असती घरात, तर तिनं तरी हिच्यापेक्षा दोन दाणे जास्त टिपले असते!”

असं सासूबाई म्हणाल्या. मला नाही हो म्हणाल्या, नव्या सुनेला तोंडावर बोलण्यातल्या त्या नव्हेतच! नणंदेला म्हणाल्या, स्वयंपाकघरात, मिक्सर घरघरत असताना, म्हणजे आवाजात आवाज मिसळून जाईल अशा बेतानं... आणि नेमका त्याच क्षणी मिक्सर थांबला की नाही! वाक्य आपलं उघडंवाघडं घरभर! आणि मी दारात, हातात माझंच ताट, अर्धं उरलेलं... अर्धं कसलं, चांगलं पाऊण. भात माझ्याकडे बघतोय, मी भाताकडे बघतेय, आणि पुढचं वाक्य आलं ते मिक्सरशिवायच, अगदी हळू आवाजात. “माझ्या हाताची चवच गेली असणार गं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये इतकी वर्षं रांधलं, शेकडो माणसं ताटं चाटूनपुसून उठली, आणि आता घरातलं एक माणूस जेवेना! हा महिना बघते. नाहीतर तिला बाहेरचा डबा लावू, आणि मीही ओट्यापासून लांब होते. झालं तेवढं पुष्कळ झालं.”

आता तुम्हीच सांगा, चिमणीचं मी हसण्यावारी नेलं असतं, पण हे? आत जाऊन म्हणायचं का, “आई, चव तुमच्या हातातच आहे हो, माझ्याच जिभेवरून गेलीय”? पण तेवढं बोलता आलं असतं तर आणखी काय हवं होतं! माझ्या तोंडात भाषा आहे, नाही असं नाही, पण चार माणसं बसलेली दिसली की ती आतल्या आत पदर ओढून घेते.

तर झालं होतं असं, की लग्नाची हळद अंगावरून उतरते न उतरते तोच मला ताप आला. आला तो मुक्कामालाच आला, हलायचं नाव नाही. गेला एकदाचा, पण तुम्हाला सांगते, जाताना माझी भूक सोबत घेऊन गेला! अन्नाचा राग नाही, किळस नाही, नुसती ओळखच राहिली नाही हो! ताट समोर आलं की वाटायचं, आपण कुठं भेटलोय का याआधी?

ते मिक्सरचं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मी नवऱ्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. मोठी समजूतदार बाई. म्हणाल्या, “भुकेची वाट बघत बसू नका, ती रुसलीय. ठरल्या वेळी थोडं थोडं खात जा, भूक असो नसो. चार घास सकाळी, चार दुपारी, मध्ये एखादं फळ, कधी कपभर दूध. पोटाला एकदा वेळ कळली की भूक आपणहून दार वाजवील.” इतकं छान वाटलं मला! उठले, दारापर्यंत पोचले, आणि बाई मागून म्हणाल्या, “आणि एकटीनं जेवू नका बरं का, घरच्यांबरोबर बसा!”

संपलं! त्या एका वाक्यानं घात केला. कारण नवऱ्यानं घरी जाऊन बाकीचं काय सांगितलं कोण जाणे, पण हे वाक्य मात्र शब्दन् शब्द सांगितलं.

आता आमचं घर बघा. सासरे घड्याळं दुरुस्त करतात, घरीच, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला. म्हणाले, “अगं पोरी, भूक म्हणजे तरी काय? घड्याळच! बंद पडलं म्हणून कोणी फेकून देतं का? रोज ठरल्या वेळी चावी द्यायची, चालतंय की नाही बघ!” आणि लावले की गजर! पण ती घड्याळं सगळी दुरुस्तीला आलेली, त्यांचं एकमेकांशी पटतंय कुठं? एक आधी वाजायचं, एक मागून, आणि एक सुरू झालं की उशीखाली दाबून ठेवावं लागायचं. एका केळ्यासाठी चारदा गजर! नणंद शाळेत खेळ शिकवते, तिची शिट्टी घरीसुद्धा गळ्यातच. ती माझ्यासमोर उभी, कमरेवर हात... “शाब्बास वहिनी! खांदे सैल! आता चावायचं, चावायचं, चावायचं... गिळ! मस्त! पुढचा!” अगं बाई, मी जेवतेय की उंच उडी मारतेय? सासूबाईंच्या हातात कॅन्टीनचा डाव, ज्यानं त्या कारखान्याच्या पाळ्या जेवू घालायच्या. त्यांचं ‘थोडंसं’ म्हणजे माझ्या माहेरचं दोन दिवसांचं! आणि नवरा? नवरा बिचारा काहीच बोलायचा नाही, पण मी घास उचलला की त्याचं तोंड आपोआप उघडायचं, मी तो तोंडात घातला की मिटायचं. बाळाला भरवणाऱ्या आया करतात ना, तस्संच. घास माझा आणि आवंढा त्याचा!

आणि बघणार कुठे? माझ्या तोंडाकडे! चौघंही! पापणी लवत नाही हो कोणाची! मी चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांचे डोळे तपासते, त्याचं मला काही वाटत नाही. पण घरी आलं की तेच डोळे मला तपासतात! इतक्या नजरा अंगावर घेऊन घास गळ्यापर्यंत जायचा आणि तिथंच बसून राहायचा, खाली जाऊ की वर येऊ. आणि गंमत ऐका! त्याच दिवसांत दुकानाच्या मागच्या खोलीत, काचांच्या खोक्यांमध्ये, ठरल्या वेळी मी उकडलेलं अंडं खायची, भूक नसताना, डॉक्टरीणबाईंचं ऐकून... आणि ते उतरायचं! गुपचूप, सुखानं! एकदा तर अंडं संपल्यावर मी सालींत शोधत होते, आणखी काही आहे का. म्हणजे भूक आली होती परत, अगदी गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती, पण घरात शिरायला घाबरत होती! मी तिच्या जागी असते तर मीही शिरले नसते.

अशात सासऱ्यांना दया आली. माणूस फार प्रेमळ. एका रात्री जेवताना आतल्या खोलीत गजर झाला, सगळ्यांनी माना वळवल्या, परत वळवल्या तर माझ्या ताटातला बटाटा गायब! मी सासऱ्यांकडे बघितलं. ते छताकडे बघत चावत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गजर, पुन्हा माना, आणि भाताचा डोंगर सपाट! मग कळलं, गजर आपोआप होत नव्हता, तो बेत होता! मी डोळ्यांनीच म्हटलं, बाबा, नको हो. त्यांनी डोळ्यांनीच म्हटलं, तू गप्प बस. आणि गप्प बसण्यात तर माझा हात कोण धरणार?

पण घरात काय आनंद म्हणता! रिकामं ताट बघून सासूबाईंचा चेहरा असा उजळला, असा उजळला... “जेवली गं! जेवली!” नणंदेनं शिट्टी मारली, नवऱ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझं वाढप दुप्पट! दुप्पट म्हणजे सासऱ्यांचं चौपट! ते बिचारे घामाघूम, पण शब्दाला पक्के. मला रात्री झोप लागेना. त्या बाईंचा आनंद खरा होता हो, ताट तेवढं खोटं होतं.

महिना सरला. सगळे मिळून डॉक्टरीणबाईंकडे, जणू माझा निकालच लागणार. मी काट्यावर चढले. सुई गेल्या महिन्याच्याच आकड्यावर, तसूभर पुढं नाही. सासूबाई पुढं वाकल्या, नवऱ्यानं काटा ठोकून बघितला, आणि सासरे, घड्याळजीच ते, राहवतंय कुठं! म्हणाले, “यंत्रातच दोष असणार, थांबा मी बघतो,” आणि चढले की वर! सुई अशी धावली, अशी धावली... डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो, पथ्य सुनेला सांगितलं होतं, लागू कुणाला पडलंय?” मग सगळ्यांच्या नजरा सासऱ्यांच्या पट्ट्यावर गेल्या. पट्टा शेवटच्या भोकात तग धरून होता.

सासूबाईंना कळलं. त्या चिडल्या असत्या तर परवडलं असतं! पण त्या घरी आल्या, अ‍ॅप्रन सोडला, नीट घडी घातली, फळीवर ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, “त्या डबा देणाऱ्या बाईंचा नंबर काढ रे.” बस, एवढंच. मी नवऱ्याला ओढत जिन्यात नेलं आणि त्याच्या कानात एका दमात सगळं ओतलं, की आईंचं जेवण छान आहे, मला ते जेवायचंय, पण तुम्ही बघता रे, सगळे बघता! तो म्हणाला, “मग आधी बोलायचंस ना!” म्हटलं, “तू सारखा तोंड उघडून बसायचास, माझं तोंड उघडायला जागा कुठं होती?”

तो आत गेला आणि माझी लाज काढत घरभर ओरडून सांगितलं, “आई! जेवण झकास आहे! ती आपण बघतो म्हणून जेवत नाही!”

सासूबाई म्हणाल्या, “अगोबाई, एवढंच? मग नाही बघत!” अ‍ॅप्रन खाली आला, डाव हातात आला, आणि कॅन्टीनचा जुना आवाज बाहेर पडला, “चला! खुर्च्या फिरवा! तोंडं भिंतीकडे! जो वळेल त्याला उपास!”

आणि फिरवल्या हो! खरंच फिरवल्या! चौघं चार भिंतींकडे तोंड करून, ताटं मांडीवर, आणि मध्ये टेबलाशी मी एकटी. चार पाठी! सासऱ्यांची पाठ गोल, समाधानी. नणंदेची ताठ, कवायतीला उभी असल्यासारखी. नवऱ्याच्या कानामागची हाडं हलत होती, म्हणजे न बघतासुद्धा तो माझे घास मोजत असणार. आणि सासूबाईंची पाठ... काय सांगू, त्या पाठीला डोळे फुटायचेच बाकी होते! डाव तोंडासमोर धरून त्याच्या चकचकीत पाठीत मी दिसते का, ते बघत होत्या, आणि मी त्यांना बघितलेलं त्यांना दिसलं, तेव्हा डाव घाईघाईनं पदराला पुसायला लागल्या!

मला हसू फुटलं. हसताहसता घास गेला. मग दुसरा गेला. रश्श्याचा वास आला हो मला, किती दिवसांनी वास आला! अंड्याच्या सालींत जिचा शोध घेतला होता ती भूक धाडकन दार उघडून आत, चपलासुद्धा न काढता! मी जेवतेय, जेवतेय, आणि एकदम चमचा ताटाच्या बुडाला लागला... टण्ण!

चारी पाठी ताठ! पण वळेल तर शपथ! मी ताट बघितलं, रिकामं. पातेलं बघितलं, तर ते सासूबाईंनी सवयीनं स्वतःच्या मांडीशी ठेवलेलं, भिंतीकडे! मी खोकले. कोणी हलेना. चमचा वाजवला. नणंद दबक्या आवाजात म्हणाली, “कोणी वळू नका रे, छान चाललंय तिचं!” अहो, कसलं चाललंय, संपलंय! आणि माझी भाषा, ती जन्माची लाजाळू, पोटातल्या त्या कावळ्यांपुढं तिचं काय चालणार? उभी राहिले आणि ओरडले, “आई, वळा! मला आणखी हवंय, आणि पातेलं तुमच्याकडे आहे!”

वळल्या! चारी खुर्च्या एकदम वळल्या! नवऱ्याचं तोंड उघडं, नणंदेची शिट्टी ओठांत, सासऱ्यांचा हात पट्ट्यावर, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आणि हातात डाव तसाच अधांतरी... आणि बघणार कुठे? माझ्या तोंडाकडे!

म्हटलं, “बघा, बघायचं तेवढं बघा... पण वाढता वाढता बघा!”