शाळूवर ताणलेली मालिका

सत्तरी उलटलेल्या, आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसानं टीव्हीच्या मालिकेपायी इतकं चिडावं का? मलाही तेच वाटतं, पण राग जात नाही.

दूरदर्शनवर पूर्वी अंतराळयानाची एक मालिका लागायची. यान पुठ्ठ्याचं दिसायचं, पण त्यातली माणसं परक्या ग्रहावर बंदूक काढण्याआधी प्रश्न विचारायची. वर्गात मुलांना प्रश्न विचारू द्यायला मी तिथं शिकलो. तिचे सगळे भाग मी कॅसेटवर घेतले होते. ती पेटी गडहिंग्लजजवळ गावच्या घरी होती. संक्रांतीला आणायला गेलो, तर पेटी रिकामी.

पुतण्या म्हणाला, "काका, त्यातली रिळं शाळूच्या पिकावर ताणली की. वाऱ्यानं अशी घुमत्यात, एक पाखरू बसंना झालंय."

"अरे, विचारायचंस तरी."

"तुमीच म्हणालता न्हवं, पेटी रिकामी कर म्हणून?"

म्हणालो असेन का? आठवेना, म्हणून आणखीच संतापलो.

"निदान शेवटचा भाग तरी ठेवलायस का? त्यात यान घरी परततं."

"त्यो व्हय? त्यो हिरीकडच्या बांधाला लावलाय. तिकडं पाखरं लई."

काल त्यानं शाळूचं पोतं पाठवलं. मी ते दारातूनच परत पाठवलं.