शुक्रवारच्या बांगड्या

तंजावुरातील एका स्कॅन केंद्रात मी प्रतीक्षेत बसलो होतो. भोवती सारी तमिळ मंडळी. म्हणून शेजारचे तरुण दांपत्य निःसंकोच मराठीत बोलत होते.

“बाळाच्या हृदयाचा डावा कप्पा वाढलाच नाही, अंबुजा.”

“माझ्या हातून काही चुकलं का?”

“नाही ग. पेशींना रसायनांचा निरोप मिळतो, पण तेवढ्यानं भागत नाही. रक्ताचा रेटा बसला, तरच तो स्नायू वाढतो. झडप मिटलेली राहिली, रेटा पोहोचलाच नाही.”

“तुमच्या कॉलेजातल्या पोरांना सांगा ते. बाळ जगेल का?”

“पोटात आहे तोवर. तुझ्या आधारानं.”

“आणि नंतर?”

“फार तर काही दिवस.”

“मद्रासला नेलं तर?”

“तिथंही यावर इलाज नाही, म्हणाले डॉक्टर. शुक्रवारचं वळैकाप्पु राहू दे. कशाला आता डोहाळजेवण करून बांगड्या भरायच्या? अम्माला मी सांगतो.”

“बांगड्यांचा आवाज पोटातल्या बाळाला ऐकू जातो म्हणतात. खरं का ते?”

“सातव्या महिन्यात... जातो.”

“मग अम्माला सांगा, सोन्याच्या नकोत. काचेच्याच आणा, दोन्ही हात भरून. त्या जास्त वाजतात.”