पॉवर सप्लाय कुठला घ्यावा?

...आणि वर दुकानात मलाच विचारतात, अगदी अदबीनं, "हेर श्लोटरबेक, तुम्हाला किती वॉटचा हवाय?" अहो, मला काय माहीत किती वॉटचा! मी काय वॉट मोजत जन्माला आलो? मला एवढंच ठाऊक, की भर दुपारी, बाराला पाच कमी, आमची बायको रोझविथा मसुरीत व्हिनेगर घालतेय, मी हात धुऊन टेबलाशी बसलोय, आणि शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरच्या पोटातून 'फाट्'! मग धुराची एक शेंडी, मग अख्ख्या घराचे दिवे गेले, आणि मी कुठे? मी टेबलाखाली! एकोणसत्तराव्या वर्षी! नाही, तुम्हीच सांगा, भ्यायचं नाही तर काय करायचं?

लोक म्हणतात, डबाच तर आहे एक. हो, डबाच आहे! भिंतीतली रानटी वीज आत घेतो, तिला माणसाळवतो आणि कॉम्प्युटरला घास घास भरवतो. पण तो स्वस्तातला असला ना, तर त्याचं तत्त्व एकच, आप मेला जग बुडालं! जाताना एकटा जात नाही, शेजारपाजार घेऊन जातो. आणि आमच्याकडे तो स्वस्तातला कुणी आणला होता? मी. का आणला? स्वस्त होता म्हणून! आम्ही जर्मनीतली श्वाबियन माणसं, काटकसरीत नावाजलेली, आमच्याकडे दोरीचा तुकडासुद्धा पुढे लागेल म्हणून ठेवतात, तिथे या डब्यावर पैसे कोण घालवणार?

आणि त्याच्या शेजारपाजारी काय होतं माहितेय? डिस्क, आणि डिस्कवर रोझविथाचा कोश. अकरा वर्षं, तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं ती आमच्या गावच्या शिव्यांचा कोश करतेय! तीन हजार शिव्या! नुसत्या शिव्या नाहीत हं... प्रत्येक शिवी कुणी, कुणाला, कुठल्या साली आणि कशावरून दिली, सगळं नावानिशी. लोकांनी तिला आलुबुखाऱ्याचा केक खात खात, दार लावून, विश्वासानं सांगितलेलं. छापायच्या आधी ती नावं काढणार होती. होती! मी किती वेळा म्हटलं, "अगं, एक प्रत इंटरनेटवर ठेवू या." "आणि कुणाच्या कपाटात ठेवायची ती? घरातलं घरात राहू दे!" झालं. घरातलं घरात राहिलं... आणि घरातच 'फाट्' झालं.

तेव्हा ती ओरडली का? नाही! ओरडली असती तर परवडलं असतं, तिच्याकडे शब्दांना काय तोटा आहे? ती नुसती दारात उभी राहिली, हातात डाव, आणि म्हणाली, "गेबहार्ट, त्या आत आहेत का अजून?" एवढंच. नाही, तुम्हीच सांगा, भ्यायचं नाही तर काय करायचं?

चौकात आयतेनबाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. बाई म्हणाल्या, "डिस्क काढून आणा, माझ्या मशीनला लावून बघू." घरी येऊन रोझविथाला सांगितलं. "दुकानात? जिथे सकाळपासून अर्धं गाव उभं असतं तिथे? पहिल्याच पानावर महापौर आहे!" म्हणजे डिस्क हलणार नाही. म्हणजे नवा सप्लाय. म्हणजे निवडणार कोण? मी!

गेलो मग आमच्या पेन्शनर कॉम्प्युटर मंडळात. मंगळवारी भरतं, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. जागा बघा, जागा! म्हणजे लोकांना अनुभव असणार! तिथे झ्वेरेन्त्स, आयुष्यभर क्रेन चालवलेला माणूस, बिअरचा पेला ठेवून मला म्हणतो, "वजन कर. जड तो चांगला, हलका तो लबाड." दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातला काटा घेऊन दुकानात! आयतेनबाई बघत राहिल्या. "हेर श्लोटरबेक, पॉवर सप्लाय आहे तो, भोपळा नाही." म्हटलं, बरं, यावर 'गोल्ड' लिहिलंय, म्हणजे भरवशाचा ना? "नाही, म्हणजे वीज कमी वाया जाते. भरवसा वेगळा." मग भरवशाचं कुठे लिहिलंय? "ते कुठेच लिहिलेलं नसतं." ऐकलंत? कुठेच लिहिलेलं नसतं!

शेवटी दोघांनी मेहुण्याकडे जाऊन त्याच्या कॉम्प्युटरवर इंटरनेटला विचारलं. एक म्हणतो, चारशे वॉट रग्गड. दुसरा म्हणतो, चारशेत घर जाळून घेशील. तिसरा पहिल्याला गाढव म्हणतो, चौथा तिसऱ्याचा बाप काढतो, आणि पहाटेपर्यंत... नाही नाही, दुपारच होती, मलाच पहाट वाटायला लागली! रोझविथानं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि नाक मुरडलं, "बाजारू शिव्या. टिकायच्या नाहीत."

अखेर घेतला. साडेपाचशे वॉटचा, जडशीळ, दहा वर्षांची गॅरंटी. गॅरंटीचा कागद मी दुकानातच वाचायला घेतला, बारीक अक्षर, चष्म्यावर भिंग. म्हटलं, "आयतेनबाई, यानं आमची डिस्क जाळली तर?" "डब्याच्या बदली डबा मिळेल." "आणि आतल्या शिव्या?" "त्या तुम्ही मला द्यालच."

आता बसवायचा. मेहुणा आला मदतीला, ट्राउगॉट, रोझविथाचा धाकटा भाऊ, बहिणीपेक्षा चिक्कू. मी जुना डबा काढला. जुन्या डब्याच्या वायरी तशा सुट्या निघतात, एक टोक डब्यात, दुसरं डिस्कला, आणि मी त्या नऊ वर्षांपूर्वी कशा बांधलेल्या! पावाच्या पिशव्यांच्या तारांनी, प्रत्येकीला चिठ्ठी! ट्राउगॉट म्हणाला, "अरे, इतक्या छान लावलेल्या वायरी उपटतोस कशाला? नव्या राहू देत खोक्यात, पुढेमागे लागतील. ही बघ, बसतेय की!" आणि बसली हो! 'टक्' करून बसली! मला इतका आनंद झाला... वाचलं ना काहीतरी! बोट बटणावर. फक्त दाबायचं. पण भित्रा माणूस मी, म्हटलं एकदा विचारावं, झाकण आधी लावायचं की बटण आधी दाबायचं. केला फोन. बोलता बोलता म्हणून गेलो, जुन्याच वायरी ठेवल्यात...

"हात काढा! बटणावरून हात काढा!"

आयतेनबाई अशा किंचाळल्या, की खोलीच्या त्या टोकाला ट्राउगॉटनं दोन्ही हात वर केले! का, तर म्हणे डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं, पण डब्याकडच्या टोकाला कुठल्या भोकातून कुठली वीज सोडायची, ते प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीनं ठरवतो! वायर बसते, टक्क बसते, आणि दाबलं की डिस्क खलास! म्हणजे तीन आठवडे मी डब्याला भीत होतो, आणि अकरा वर्षांच्या गळ्याशी आलं होतं माझंच बोट! नाही, तुम्हीच सांगा, भ्यायचं नाही तर काय करायचं?

नव्या वायरी लावल्या. तीनदा तपासल्या. ट्राउगॉट एकदम म्हणाला, "मी निघतो, आज जिना झाडायची पाळी आहे माझी." बुधवारी! आमच्याकडे शनिवार सोडून कोण जिना झाडतं?

राहिलो आम्ही दोघं. "दाब," ती म्हणाली. "तू दाब." "सप्लाय तुझा आहे." "शिव्या तुझ्या आहेत." माझ्या मनात तेच, जुन्यानं जाताना आधीच सगळं नेलं असेल तर? आणि तिच्याही मनात तेच. शेवटी तिनं माझी बाही धरली, बायकोनं, जिनं महापौराला तोंडावर ऐकवलंय तिनं, आणि हळूच म्हणाली, "गेबहार्ट, दाबेपर्यंत तरी आहेतच ना रे त्या?"

मी भिंतीतला प्लग काढला. आम्ही जेवायला बसलो.

आता ती रोज सकाळी स्वयंपाकघरात शाळेची वही घेऊन बसते आणि आठवून आठवून पुन्हा लिहिते. मला विचारते, "तुझा आजा त्या बेकरीवाल्याला काय म्हणायचा?" मी सांगतो, ती खो खो हसते. अकरा वर्षं मी तिची पाठ बघितली हो, मशीनकडे तोंड केलेली. आता समोर बसते. पण त्या खोलीचं दार आम्ही दोघंही उघडत नाही. भीती ती भीतीच.

परवा आयतेनबाई चौकात भेटल्या. "काय हेर श्लोटरबेक, कसा चाललाय सप्लाय?" काय सांगणार! म्हटलं, "बाई, शोधून सापडायचा नाही असा! महिना होत आला, आवाज म्हणून नाही, तापणं म्हणून नाही... आणि एका पैशाची वीज खाल्ली असेल तर शपथ!"